सुरीची मूठ : उत्तर युरोपातील गृहकारागिरीच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

१. प्रास्ताविक

हत्यारांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम पात्यावर जाते, हे स्वाभाविक आहे. पाते धातूचे असते व म्हणून टिकते. त्यावर लोहाराची अथवा कारखान्याची मुद्रा असते. त्याच्या घडणीवरून काळ व प्रदेश ठरविता येतो. मुठीचे तसे नाही. ती लाकडाची, सालीची, शिंगाची किंवा चामड्याची असते. जमिनीत गाडली गेली की बहुधा कुजून जाते. उत्खननात सापडलेली जुनी सुरी म्हणजे प्रत्यक्षात गंजलेले पाते आणि मुठीत बसविण्यासाठी त्याला मागे ठेवलेली निमुळती शेपटी, एवढेच असते. या शेपटीभोवती काय होते, ते कोणी केले आणि कितीदा बदलले, हे प्रश्न पुराव्याअभावी मागे पडतात व पुढे विचारण्याचेही राहून जातात.

मूठ टिकली असता केवढी माहिती हाती येते याचे एक ठळक उदाहरण आल्प्स पर्वतात मिळाले. तेथील हिमनदीत १९९१ मध्ये सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाचा देह सापडला. त्याच्याजवळ गारगोटीच्या पात्याची एक लहान सुरी होती. बर्फामुळे तिची ॲश वृक्षाच्या लाकडाची मूठ आणि झाडाच्या अंतर्सालीचे विणलेले म्यान ही दोन्ही शिल्लक राहिली. मुठीच्या टोकाला फट पाडून तीत पाते बसविलेले आहे व ते जनावराच्या स्नायुतंतूंनी आवळलेले आहे. केवळ पाते सापडले असते तर अश्मयुगीन हत्यारांच्या यादीत एकाची भर पडली असती. मूठ सापडल्यामुळे तीन निरनिराळ्या द्रव्यांचे ज्ञान एकत्र करून एक उपयुक्त वस्तू सिद्ध करणारा माणूस आपल्यापुढे उभा राहतो.

वनविहारासाठी वापरावयाच्या न मिटणाऱ्या सुरीला घरच्या घरी आपल्या हातास रुचेल अशी मूठ बसविण्याचा छंद आज युरोप-अमेरिकेत बराच रूढ आहे. ही नवी हौस आहे, असा सर्वसाधारण समज दिसतो. प्रस्तुत लेखात याच्या उलट विचार मांडावयाचा आहे. पाते बाहेरून आणावे आणि मूठ घरी करावी, ही उत्तर युरोपातील जुनी श्रमविभागणी होती. कारखान्यांनी ती सुमारे एक शतक झाकून टाकली, पण ती नष्ट झाली नाही. तथापि जुनी घरगुती मूठ आणि आजची हौशी मूठ यांमागील दृष्टी सर्वस्वी एक नाही, आणि हा भेद ध्यानात घेतल्याखेरीज परंपरेचे सातत्य सांगणे धोक्याचे आहे.

२. पाते आणि मूठ : दोन कर्ते

आपल्याकडील ग्रामव्यवस्था परिचित असणाऱ्यास या श्रमविभागणीचे आश्चर्य वाटणार नाही. विळा किंवा कुऱ्हाड यांचे लोखंड लोहाराचे आणि मूठ वा दांडा सुताराचा, ही बलुत्याची रीत होती. आणि दांडा मोडला तर कित्येक शेतकरी बांधावरच्या बाभळीची फांदी तासून आपली अडचण आपणच भागवीत. लोखंड विकत किंवा बलुत्यावर मिळे, लाकूड परिसरात मिळे. उत्तरेकडील थंड प्रदेशांतही मूलतः हीच स्थिती होती. फरक इतकाच की तेथील शेतकऱ्याला दीर्घ हिवाळा घरात काढावा लागे, आणि लाकूडकाम हा त्या बंदिस्त महिन्यांतील नित्याचा उद्योग होता.

फिनलंडमधील न मिटणाऱ्या सुरीस ‘पूक्को’ म्हणतात. हा शब्द ‘पू’ म्हणजे लाकूड यावरून आला असावा, असे एक मत आहे. जुन्या जर्मन भाषेतील कट्यारीच्या एका नावाशीही त्याचा संबंध जोडला जातो. पहिली व्युत्पत्ती ग्राह्य मानली तर पोलादी हत्यारास त्याच्या लाकडी अंगावरून नाव पडले असे होईल. व्युत्पत्तीचा निर्णय काहीही लागो, वस्तूची रचना स्पष्ट आहे. पाते आखूड, बहुधा तळहाताच्या रुंदीएवढे, पाठ सरळ, मूठ पात्याइतकीच किंवा किंचित अधिक लांब, आणि बोटे पात्यावर घसरू नयेत म्हणून इतर देशांच्या सुऱ्यांना असते तशी आडवी अडणी येथे नाही. सुरी भोसकण्यासाठी नसून लाकूड तासण्यासाठी, मासा साफ करण्यासाठी व दोर कापण्यासाठी आहे, हे या अडणीच्या अभावावरूनच कळते.

मुठीची द्रव्ये परिसरातून येत. त्यांत भूर्जाचे स्थान पहिले. ज्या वर्गातील हिमालयीन वृक्षाच्या सालीवर आपल्याकडे ग्रंथ लिहिले गेले, त्याच वर्गातील वृक्ष फिनलंड, स्वीडन व नॉर्वे येथील अरण्यांत विपुल आहेत. उन्हाळ्याच्या आरंभी रस चढलेला असताना या झाडाची साल सहज सुटते. ती सपाट दाबून वाळवावयाची, तिचे लहान चौकोन कापावयाचे, प्रत्येकाच्या मध्यभागी शेपटीच्या मापाची फट पाडावयाची आणि एकावर एक असे अनेक चौकोन शेपटीवर ओवावयाचे. मग ही चवड घट्ट दाबून शेवटी धातूची लहान पट्टी बसवायची व शेपटीचे बाहेर आलेले टोक तिच्यावर ठोकून रिवेटासारखे पसरावयाचे. यानंतर चाकूने व कानशीने आकार दिला की मूठ तयार होते. सालीत मेणासारखी द्रव्ये असल्यामुळे ती पाणी शोषीत नाही व सहसा कुजत नाही. ओल्या हातातही ती निसटत नाही, आणि कडाक्याच्या थंडीत धातू जसा बोटांना चटका देतो तसा ती देत नाही. सालीची मूठ हे दारिद्र्याचे लक्षण नव्हते. त्या हवामानात ते विचारपूर्वक निवडलेले द्रव्य होते.

दुसरे द्रव्य म्हणजे गाठाळ, लहरी पोताचे भूर्जाचे लाकूड. तंतू आडवेतिडवे गुंतलेले असल्यामुळे ते सहजासहजी चिरत नाही. तिसरे, सामी लोकांच्या प्रदेशातील रेनडिअरचे शिंग. सामी कारागीर शिंगावर बारीक रेषा कोरून त्यांत रंगद्रव्य भरतात, आणि त्या अलंकरणाच्या धाटणीवरून उत्तरेकडील व दक्षिणेकडील परंपरा ओळखता येतात. येथे मूठ केवळ धरण्याची सोय राहत नाही. करणारा कोणत्या समाजाचा, हेही ती सांगते. पात्यावरून हे कळण्याचा मार्ग नाही, कारण पाते कित्येकदा दुसऱ्याच समाजातील लोहाराकडून किंवा व्यापाऱ्याकडून आलेले असे.

३. घरातून शाळेत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या घरगुती कौशल्यास एक अनपेक्षित आश्रयस्थान मिळाले. ते म्हणजे प्राथमिक शाळा. फिनलंडमधील शिक्षणतज्ज्ञ उनो सिग्नेयस (१८१०–१८८८) याच्या प्रयत्नांमुळे १८६६ च्या शिक्षणविषयक आदेशात हस्तव्यवसाय हा ग्रामीण प्राथमिक शाळांतील मुलांसाठी आवश्यक विषय ठरला. स्वीडनमध्ये ओट्टो सालोमोन (१८४९–१९०७) याने गॉथेनबर्गजवळील नेस या गावी, आपला मामा ऑगस्ट अब्राहमसन याच्या आश्रयाने, याच विषयाच्या शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू केले. १८७७ मध्ये तो सिग्नेयसला भेटला, आणि त्यानंतर व्यवसायशिक्षणापेक्षा सर्वांगीण शिक्षणाच्या हेतूवर त्याचा भर वाढला. ‘स्लॉइड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीचे अध्ययन करण्यासाठी नेस येथे अनेक देशांतून शिक्षक येत असत.

सालोमोनने मुलाच्या हाती द्यावयाचे पहिले हत्यार म्हणून सुरीची निवड केली, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ग्रामीण मुलास सुरी घरीच परिचित असे. तेव्हा परिचिताकडून अपरिचिताकडे, या त्याच्या तत्त्वास ती अनुरूप होती. परंतु या निवडीत एक सूक्ष्म बदलही घडून आला. घरात सुरी हे करण्याचे साधन होते आणि करण्याची वस्तूही होती. मुलगा तिने लाकूड तासी आणि वेळप्रसंगी तिची मूठही तासी. शाळेत ती तयार मिळू लागली. शेकडो शाळांना एका मापाच्या सुऱ्या हव्या होत्या, आणि त्या पुरविण्यास कारखाना सोयीचा होता. हस्तकौशल्याचे रक्षण करणाऱ्या चळवळीनेच हस्तकौशल्याचा एक घटक कारखान्याकडे जाण्यास हातभार लावला, असे म्हणावयास हरकत नाही.

(भारतात १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षणपरिषदेत हस्तोद्योगास शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याचा विचार मांडला गेला, हे येथे वाचकास आठवेल. या दोन विचारधारांत जन्यजनकसंबंध दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. हत्यार कोणी घडवावयाचे हा प्रश्न दोहोंच्या संदर्भात विचारण्याजोगा आहे, एवढेच सुचवावयाचे आहे.)

४. कारखान्याची मूठ

फिनलंडच्या पश्चिम भागातील कौहावा येथे ईसाक्की यार्वेनपा याचा सुऱ्यांचा व्यवसाय १८७९ मध्ये सुरू झाला. मुठीच्या टोकाला धातूचे अश्वमुख असलेली सुरी ही या गावची ख्याती. स्वीडनमधील मोरानजीकच्या एस्टनूर गावी फ्रॉस्ट-एरिक एर्सन याने अमेरिकेतील जंगलतोडीच्या कामावरून परतल्यावर १८९१ मध्ये लाकूड वाहण्याच्या घसरगाड्यांचा कारखाना काढला. तेथे लागणाऱ्या सुऱ्याही तयार होऊ लागल्या आणि पुढे तोच मुख्य धंदा बनला. नॉर्वेत गायलो येथे १८९६ मध्ये ब्रूसलेट्टो, तर एस्टनूर येथेच १९१२ मध्ये एरिक्सन यांचा दुसरा कारखाना निघाला. एस्टनूरचे दोन कारखाने २००५ मध्ये एक झाले.

या काळातील एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. ज्या १८९१ मध्ये एस्टनूरचा कारखाना सुरू झाला, त्याच वर्षी स्टॉकहोम येथे आर्टूर हासेलियस याने स्कान्सेन हे खुले लोकसंग्रहालय उघडले, आणि जुनी शेतघरे त्यांतील सामानासह तेथे आणून मांडली जाऊ लागली. १८९९ मध्ये लिली सिकरमान हिच्या पुढाकाराने गृहोद्योगांच्या संवर्धनासाठी संस्था स्थापन झाली. घरगुती वस्तू बाजारातून मागे हटू लागली तेव्हाच ती जतन करण्याजोगी ठरली, हे यावरून दिसते. पण जतन झाली ती प्रामुख्याने देखणी, कोरीव वस्तू. रोजच्या वापरातली, दोनदा मूठ बदललेली सुरी कोणी जपून ठेवावी असे तिच्यात काही नव्हते.

कारखान्यावर दोषारोप करण्याचे कारण नाही. त्याने चांगले पोलाद स्वस्तात दिले. मोराची भूर्जकाष्ठाची, मध्ये किंचित फुगीर, लाल रंगाची मूठ ही साध्या रचनेचा उत्तम नमुना आहे. ती उजव्याडाव्या हातास सारखीच चालते. सुरी उलटी, आडवी, कशीही धरता येते. तथापि ती ‘सरासरी’ हातासाठी केलेली असते. मोठ्या पंजाच्या माणसास ती बारीक लागते, लहान मुलास जाड, आणि हातमोजा घातला की प्रत्येकास निराळी. घरच्या मुठीचा खरा गुण येथे ध्यानात येतो. तिचा आकारही बहुधा असाच साधा असे. फक्त तिचे माप ज्याची सुरी त्याच्या हाताचे असे.

५. वनविहाराची सुरी

अरण्यात उपजीविकेसाठी राहणारा आणि विरंगुळ्यासाठी जाणारा यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत भेद पडला, आणि त्यातून वनविहाराची खास सुरी ही कल्पना पुढे आली. ‘नेसमक’ या टोपणनावाने लिहिणारा जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स याचा वनविद्येवरील ग्रंथ १८८४ मध्ये, तर सेंट लुई येथे ग्रंथपाल असलेला होरेस केफार्ट याचा ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांनीही दिखाऊ, जड शिकारी सुऱ्यांपेक्षा पातळ पात्याच्या साध्या सुरीचा पुरस्कार केला. याच सुमारास मिशिगनमधील वेबस्टर मार्बल याच्या कारखान्यातून चामड्याच्या चकत्या ओवून केलेल्या मुठीच्या सुऱ्या बाजारात येऊ लागल्या. भूर्जाच्या सालीच्या चकत्यांशी या रचनेचे साम्य उघड आहे. मात्र एकीवरून दुसरी निघाली असे केवळ साम्यावरून म्हणता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौसैनिकांच्या सुरीस हीच चामडी चकत्यांची मूठ होती. उष्ण व दमट बेटांवर चामड्यास बुरशी येई. अशा वेळी सैनिक व कार्यशाळांतील कारागीर पडलेल्या विमानांचे पारदर्शक प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम कापून त्यांच्या चकत्या शेपटीवर चढवीत. रंगीत थरांच्या या मुठी संग्राहकांना परिचित आहेत. उत्तरेकडील शेतकऱ्याने भूर्जाची साल वापरली आणि या सैनिकाने विमानाची खिडकी. हाताशी जे द्रव्य आहे त्याची मूठ करावी, हे सूत्र दोघांचेही एकच होते.

युद्धोत्तर काळात साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या मुठीने हे सूत्र मागे टाकले. पात्याभोवतीच मूठ ओतली जाऊ लागली. ती फुटत नाही, कुजत नाही व स्वस्त पडते. परंतु ती सुटीही होत नाही. जुन्या सुरीत पाते झिजेपर्यंत मूठ अनेकदा बदलता येई. आता दोन्हींचे आयुष्य एकत्र बांधले गेले.

६. आजची घरगुती मूठ

आजचा हौशी कारागीर हेच बंधन सोडवीत असतो. तो एक तर कारखान्यातील सुरीची प्लास्टिकची मूठ चिरून काढतो, किंवा मुठीशिवाय विकले जाणारे पाते आणतो. लाकडाच्या ठोकळ्यात गिरमिटाने किंवा ड्रिलने एकालगत एक छिद्रे पाडून ती बारीक कानशीने जोडली जातात. शेपटी तीत बसवून इपॉक्सी चिकट द्रव्य भरले जाते. ते सुकल्यावर ठोकळा शेगड्यात धरून घासून आकार दिला जातो व शेवटी जवसाचे तेल मुरविले जाते. जुनी रीत निराळी होती : शेपटी तापवून तीच लाकडात जाळीत घुसवावयाची, म्हणजे छिद्र तंतोतंत तिच्याच आकाराचे होई. या रीतीत पाते ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावे लागे, कारण सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या वर उष्णता गेली की साध्या कार्बनी पोलादाच्या पात्याचे पाणी उतरू लागते व धार टिकत नाही. आपल्याकडे तलवारीच्या मुठीत पाते लाखेने बसवीत. लाख थोडक्या उष्णतेने मऊ होते, त्यामुळे पात्याच्या पाण्यास धक्का न लावता मूठ पुन्हा काढता येई. इपॉक्सीचा सांधा बळकट खरा, पण दुरुस्तीच्या दृष्टीने तो जुन्या सांध्यांहून हट्टी आहे.

येथवर सातत्य दिसते. भेद आहे तो आकारात. आजच्या कित्येक मुठींवर प्रत्येक बोटासाठी स्वतंत्र खाच केलेली असते, आणि हात तीत साच्यासारखा बसतो. प्रथम धरताना हे सुखकारक वाटते. पण लाकूड तासताना पकड क्षणोक्षणी बदलावी लागते : कधी धार स्वतःकडे, कधी बाहेर, कधी अंगठा पाठीवर. खाचांची मूठ एका पकडीस अनुकूल व इतर साऱ्यांस प्रतिकूल ठरते. जुन्या कर्त्याला हे ठाऊक होते. त्याने हाताचे माप घेतले, हाताचा साचा घेतला नाही. रोज कित्येक तास सुरी वापरणारा मूठ करतो तेव्हा तो कामाचा विचार करतो. क्वचित वापरणारा करतो तेव्हा तो धरण्याचा विचार करतो. दोन्ही मुठी घरच्याच आणि प्रामाणिक, पण दोहोंमागील अनुभव भिन्न आहे, आणि हा अनुभव मुठीच्या आकारात वाचता येतो.

सामाजिक संदर्भही बदलला आहे. एकेकाळी कमरेस सुरी असणे हे उत्तरेकडील शेतकऱ्याच्या पोशाखाचेच अंग होते. स्वीडनमध्ये १९८८ च्या कायद्यानंतर सार्वजनिक ठिकाणी सुरी बाळगण्यास काम अथवा तत्सम सयुक्तिक कारण असावे लागते. वापराचा परीघ असा आकुंचित झाल्यावर घरगुती मूठ करण्यामागे गरजेपेक्षा स्मृती व आवड यांचा वाटा वाढावा, हे ओघानेच आले.

७. इतिहासलेखनाच्या दृष्टीने

वरील विवेचनाचा संशोधनपद्धतीशी काय संबंध आहे? संग्राहक आणि बाजार मूळ मुठीची सुरी श्रेष्ठ मानतात. मूठ नंतर बदललेली असेल तर तिचे मोल घटते. वस्तूच्या नोंदीतही ‘मूठ नंतरची’ एवढ्या दोन शब्दांवर बहुधा विषय संपतो. म्हणजे वापरणाऱ्याने वस्तूवर केलेले काम हे तिच्यातील वैगुण्य ठरते. पात्याचा कर्ता हा एकच खरा कर्ता, असे गृहीत धरल्याचा हा परिणाम आहे. लोहाराचे किंवा कारखान्याचे नाव पात्यावर राहते. मूठ करणाऱ्याने नाव घातलेले नसते, आणि नामनिर्देशाच्या अभावी त्याचे श्रमही इतिहासातून वजा होतात.

यावर उपाय सोपा आहे व तो आपल्याकडील संग्रहांसही लागू पडतो. कोयता, विळा, कुऱ्हाड, सुरी अशा कोणत्याही हत्याराची नोंद करताना त्यास दोन कर्ते व दोन काळ असू शकतात, हे मान्य करावे. मुठीचे द्रव्य कोणते व ते कोठे उपलब्ध होते, सांधा लाखेचा, रिवेटाचा, पाचरीचा की चिकट द्रव्याचा, झीज उजव्या हाताची की डाव्या, मुठीचा घेर किती, ती किती वेळा बदललेली दिसते, या गोष्टी पात्याच्या वर्णनाइतक्याच काळजीने नोंदवाव्यात. घेरावरून वापरणारा प्रौढ की बालक याचा अंदाज करता येईल; द्रव्यावरून परिसराचा आणि दुरुस्तीवरून वस्तूच्या दीर्घायुष्याचा.

अर्थात या साधनाच्या मर्यादा आहेत. एकट्या मुठीवरून काळनिर्णय करणे कठीण असते, कारण साधा आकार शतकानुशतके तोच राहतो. झीजही फसवी असू शकते, कारण एकच सुरी बापाच्या हातून मुलाच्या हाती जाते. म्हणून मुठीची साक्ष पात्याच्या साक्षीस पूरक म्हणून घ्यावी, तिच्याऐवजी नव्हे.

घरच्या घरी सुरीची मूठ घासणारा आजचा हौशी माणूस स्वतःस परंपरेचा वारस म्हणवितो, तेव्हा इतिहासकाराने त्याचा दावा अर्धाच मान्य करावा. त्याचे द्रव्य, त्याचा सांधा आणि त्याचा आकार पुष्कळदा नवे आहेत. परंतु विकत आणलेली वस्तू ज्याची त्याने पुरी करावयाची असते, ही त्याची धारणा मात्र जुनी आहे. कारखान्यापूर्वीच्या कित्येक पिढ्यांनी ती शब्दांत मांडलेली नाही. ती त्यांनी लाकडात व सालीत नोंदवून ठेवली, आणि त्यांतील जे थोडे उरले आहे ते ‘नंतरचे’ म्हणून बाजूस सारणे आपल्या अभ्यासास परवडणारे नाही.